हाउकिवाराचे शनिवार

ताइस्तो पोलोनेन माणूस तसा वाईट नव्हता, पण हवेच्या गोष्टीत त्याच्या नादी लागू नये. फिनलंडातल्या हाउकिवारा गावात तापमापीची पांढरी पेटी आणि रोज पारा वाचून नोंदवायचं काम बापामागून त्याच्याकडे आलं, आणि तेव्हापासून स्वारीचे पाय जमिनीला लागेनात. "जगाची हवा कुठे चाललीय ते माझ्या अंगणातून कळतं," असं तो दुकानात कुणालाही धरून ऐकवायचा.

एकदा राजधानीतून रीक्का नावाची संशोधक आली. त्याच्या नोंदी तपासताना तिला दिसलं होतं की इथली शनिवारची संध्याकाळ इतर संध्याकाळींपेक्षा उबदार असते.

"असणारच," ताइस्तो म्हणाला. "शनिवारी शहरातले लोक गाड्या घेऊन उंडारतात. हवा तापणार नाही तर काय होईल?"

रीक्काने नुसतं पेटीशेजारच्या त्याच्या सौनाकडे, लाकडं पेटवून तापवायच्या वाफेच्या खोलीकडे पाहिलं. दर शनिवारी गाव तिथे घाम गाळायला जमायचं, आणि लालबुंद माणसं दार सताड उघडं टाकून पेटीपाशीच गार व्हायला उभी राहायची.

"म्हणजे जग तापलं ते ह्याच्या लाकडांनी," शेजारीण हिल्क्का म्हणाली.

"जग तापतंय ते खरंच आहे, हिल्क्काताई. बाकीच्या वारीही दिसतं," रीक्का म्हणाली. "शनिवारची भर तेवढी यांची. ताइस्तोकाका, सौना बंद करा, नाहीतर तुमचे शनिवार मला संशोधनातून वगळावे लागतील."

"बापाने ताप अंगावर काढून पारा वाचलाय. एक दिवस खोडू द्यायचा नाही मी."

त्याने सौनाला कुलूप घातलं. पुढच्या शनिवारचा आकडा अगदी सोवळ्यातला निघाला, पण तो ऐकवायचा कुणाला? अंगणात चिटपाखरू नव्हतं. बायको गेल्यापासून माणसं यायची ती ह्याच वारी, आणि खरं सांगायचं तर तीही वाफेसाठी. त्यानंतरच्या शनिवारी हिल्क्का टॉवेल खांद्यावर टाकून दुसऱ्यांच्या सौनाकडे जाताना दिसली. तिने हातसुद्धा केला. ताइस्तोला भारी लागलं ते.

त्याने रीक्काला फोन लावला. "पोरी, मी सौना पेटवतोय. माझे शनिवार खोडून टाक."

"मागचेसुद्धा?"

"सगळे."

"मग ठेवू कुठले वार, काका?"

"माझ्याकडे कुणी फिरकत नाही ते ठेव. ते अगदी बिनचूक आहेत."