मागच्या सीटवरचा आवाज

मुरुमहून उमरग्याला जाताना एका टेम्पोनं माझ्या गाडीचा मागचा दरवाजा घासला. टेम्पोवाला आधी चूक कबूल करत होता. माणसं जमली तशी त्यानं भाषा बदलली. मी भाड्यानं गाडी चालवतो, गाडी हेच माझं दुकान. म्हणून काचेला लावायचा कॅमेरा घेतला, मुद्दाम आवाजही टिपणारा. चित्र सगळेच काढतात. मला माणसानं उच्चारलेला शब्द हवा होता.

चाचणी घ्यायला बायकोला मागं बसवलं आणि अणदूरला निघालो. आधी काचा बंद ठेवल्या, मग उघडल्या, मग एसीचा पंखा जोरात सोडला. "बोल काहीतरी," मी म्हणायचो आणि ती बोलायची. खंडोबाच्या देवळाजवळ गाडी सावलीत लावून मोबाइलवर ऐकलं. माझा आवाज ठीक होता. तिचा मात्र तोंडावर पदर धरून बोलल्यासारखा.

"माईक बोगस हाय," मी म्हणालो.

"चांगला हाय की! इंडिकेटरची टिकटिकसुद्धा येतीया."

"कुठली टिकटिक?"

तिनं माझ्याकडं बघितलं आणि उतरून देवळाकडं चालू लागली.

पुढचे काही दिवस मला चैन पडेना. कॅमेरा कधी आरशामागं, कधी खाली डॅशबोर्डवर लावला. माईकचं भोक सुईनं साफ केलं. भाविकांना घेऊन सोनारीला गेलो, तर ते काळभैरवाचं दर्शन घेईपर्यंत मी गाडीत बसून तेच तेच ऐकत होतो. स आणि त कुठं तरी गळून पडत होते. शेवटी चिडून उमरग्याच्या दुकानात गेलो आणि बदलून मागितला.

दुकानदारानं आवाज लावला. "काका, एकदम साफ हाय."

तो टाळतोय असं वाटून मी शेजारी चार्जर बघणाऱ्या गृहस्थाला गाठलं. "तुम्ही सांगा. मागची बाई काय म्हणती ते कळतंय का?"

त्यांनी मोबाइल कानाशी धरला. मग जरा संकोचून म्हणाले, "त्या म्हणतायत, एसी बारीक करा, मला गार लागतंय. मग म्हणतायत, ऱ्हाऊ द्या, तुमाला आजकाल दोनदा सांगावं लागतंय."

मी मोबाइल परत घेतला. आवाज पूर्ण वाढवला. मला फक्त एसी एवढंच कळलं.

गावाकडं येताना मुद्दाम इंडिकेटर लावून बघितला. समोर हिरवा बाण उघडझाप करत होता, आवाज काही येईना. ऊस भरलेला ट्रॅक्टर पुढं होता. मागून कुणी हॉर्न देतंय का, म्हणून मी सारखा आरशात बघत होतो. मागं रस्ता मोकळाच होता.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, हात थांबला.

"मला वाटत हुतं, तुमी माझ्यावर चिडलाय," ती म्हणाली. "म्हणून उत्तर देईना झालाय. आईलाबी तसंच सांगितलं म्या फोनवर."

तिची आई सीमेपलीकडं कर्नाटकात असते. जावई बोलत नाही म्हणून त्या म्हातारीनंही घोर लावून घेतला असेल. मी भाजीची अर्धी जुडी ओढून निवडायला बसलो.

सोलापूरला कान तपासले. काचेच्या बंद खोलीत बसवून, आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. आवाज येतोय की भास होतोय तेच कळेना. मी उगीचच दाबत सुटलो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बारीक आवाज टिपणारी नस कमजोर झालीय. पूर्ववत होणार नाही, पण यंत्र लावून गाडी चालवता येईल.

आता दोन्ही कानांत यंत्र आहे. सुरुवातीला ताट-वाट्यांचा आवाज डोक्यात जायचा. आताही काच उघडली की वारा कानात घोंघावतो. प्रवासी हळू बोलले की माझ्याविषयीच बोलतायत असं वाटतं, आणि मी आरशात त्यांचे ओठ बघत राहतो. परवा एका आजोबांनी विचारलंच, "ऐकू येतंय न्हवं तुम्हाला?"

"येतंय," मी म्हणालो, "पण तुम्ही जरा मोठ्यानं बोला."

ते खरंच मोठ्यानं बोलले. पार तुळजापूर येईपर्यंत.