गंगेचा गडू

देवाने माझ्या दारी यावं, एवढी माझी लायकी होती का, हे मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत मी माधवनगरच्या एका कापडगिरणीत विणकामाचा मास्तर होतो. पाळ्या वाढल्या, पाठ धरली, आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून अफूची लहानशी गोळी सुरू झाली. पुढे तिच्याशिवाय गिरणीची पायरी चढवेना. किती शपथा घेतल्या, तितक्या मोडल्या. लपवायला जागा शोधली तीही देव्हाऱ्यात. वडिलांनी काशीहून आणलेला गंगेचा गडू आईच्या अखेरच्या घोटासाठी उघडला होता. उरलेल्या पाण्यात मी अफू कालवून ठेवू लागलो. कुणी मरणाच्या दारात असल्याशिवाय त्या गडूला घरात हात कोण लावणार, असं मला वाटे.

एका दुपारी घरी आलो तर धाकटी मुलगी पत्नीच्या मांडीवर निपचित पडलेली. तापात आकडी आली, पोर हातची चालली असं वाटून पत्नीने तिच्या तोंडात गंगा घातली होती. उघडा गडू दिसला आणि मी जागीच बसलो.

तेवढ्यात दारात खाकीतला एक ड्रायव्हर आला. लष्कराची लॉरी तापली होती, पाणी हवं होतं. पोरीकडे पाहून तो म्हणाला, "आवं, बघत काय बसलाय? उचला तिला. सांगलीला सोडतो."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, पोरीला काय दिलं होतं. पत्नी म्हणाली, "गंगाच दिली हो, दुसरं काही नाही." क्षणभर मला गप्प राहावंसं वाटलं. लिहायची लाज वाटते, पण वाटलं. मग म्हणालो, "त्यात माझी अफू होती."

पत्नीने माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरांनी मुलीचं पोट धुतलं, तिला झोपू दिलं नाही. दिवे लागताना तिने खायला मागितलं. मग डॉक्टर माझ्याकडे वळले; अफू सुटेपर्यंत मलाही तिथंच राहायला सांगितलं. मी गिरणीतल्या पाळीचं कारण सांगू लागलो, तसे ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही मेलात तरी गिरणीचा भोंगा वाजेलच. पडा त्या खाटेवर."

पुढचे दिवस नाक-डोळे गळत होते, पाय आतून पिळवटत होते. मी पत्नीकडे गोळीसाठी रडलो; ती दाराला पाठ लावून बसून राहिली. नाम घ्यायचंही त्राण उरलं नाही. एवढंच म्हणालो, देवा, माझ्याच्याने होत नाही, तू बघ.

मुलगी खाटेपाशी आली. "बाबा, तुम्हालाही ताप आलाय?" म्हणत तिने माझ्या कपाळावर हात ठेवला.

तो ड्रायव्हर उंब्रजकडचा, एवढंच कळलं. नाव विचारायचं राहिलं. मी अफू सोडली, असं लोक म्हणतात. मला ठाऊक आहे, ती माझ्या हातून काढून घेतली गेली, आणि त्या रिकाम्या हातात माझी पोर परत ठेवली गेली.