हरिचंद्राच्या घरी भाजी का शिजत नव्हती

खरवईचा हरिचंद्र गेली बत्तीस वर्षं उल्हासनगर कॅम्प एकमध्ये भाजी विकतोय, आणि गेल्या सालापर्यंत त्यातलं एक पानही त्याच्या पोटात गेलं नव्हतं. थाप वाटत असेल तर खरवईत कुणालाही विचारा. चहा पाजून सांगतील.

गाळा हाती देताना बापाने त्याला शपथ घातली होती. विकायचं ते खायचं नाही. घरचा हात टोपलीत गेला की धंदा बुडाला म्हणून समज. हरिचंद्र इतका सरळ माणूस की गाळ्यावर नवी भाजी आली, त्याच दिवशी ती घरातून बाद व्हायची. ढोबळी मिरची आली, घरची गेली. लिंबू आलं, घरचं गेलं. ब्रोकोली आली तेव्हा तेवढं कुणी हळहळलं नाही. कांदे-बटाटे मात्र त्याने गाळ्यावर जन्मात ठेवले नाहीत, कारण घरी काहीतरी शिजायला हवं. बाकी भात, सुकट, बोंबील आणि पुन्हा भात. फळं तो विकत नव्हता, पण फळ हे आजाऱ्याचं खाणं. धडधाकट माणसाने केळं सोललं तर शेजारीपाजारी तब्येत विचारायला यायचे.

गाळ्यावर बसला की याच माणसाचं तोंड सुटायचं. मेथीने रक्त वाढतं साईं, गाजराने नजर सुधारते, भाजीतल्या चोथ्याने पोट साफ राहतं. सिंधी गिऱ्हाइकं ऐकून दोन जुड्या जास्त घ्यायची आणि हा घरी येऊन सुकट चावायचा.

पुढे कल्पेशचं, म्हणजे पोराचं लग्न झालं. सून मनाली अंबरनाथची. तिसऱ्या दिवशी तिने सासूला विचारलं की भाजी कोणती करू. सासू तुळशीबाई पंख्याकडे बघत राहिली.

त्याच सुमारास हरिचंद्राच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. वडापाव चावला की पावाला कुंकू लागायचं. समोरचे चार दात डुगडुगायला लागले, तसा तो घाबरला. मरणाला नाही, बोळक्या तोंडाने ‘ताजी भाजी’ ओरडलं तर विश्वास कोण ठेवणार, याला.

मनालीने त्याला कॅम्पातल्या सिंधी डॉक्टरांकडे नेलं. हा काय काय खातो ते ऐकून डॉक्टरांनी हातातली बॅटरी खाली ठेवली. मग समजावलं, की हिरड्यांना जे जीवनसत्त्व लागतं ते लिंबू, पेरू, आवळा, टोमॅटो, पालेभाज्यांतून मिळतं. पूर्वी महिनोन्‌महिने जहाजावर राहणाऱ्या खलाशांचं असं व्हायचं. घरात सगळ्यांनीच रोज दोन-तीन रंगांच्या भाज्या आणि एखादं फळ खायला हवं.

“काका, समुंदर में रहते हो क्या?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाय, खरवईला.”

दात वाचवायचे आणि शपथही मोडायची नाही, या पेचात त्याने तीन दिवस घालवले. चौथ्या दिवशी वाट सापडली. जे विकत नाही ते खायला कुणाची ना आहे? त्याने गाळ्यावरून टोमॅटो काढून टाकले. घरी आठवडाभर टोमॅटोचं सार, टोमॅटोची चटणी, टोमॅटोची भाजी. मनाली म्हणाली, पप्पा, डॉक्टरांनी रंग सांगितलेत. मग पालक निघाला. गाजर निघालं, लिंबू निघालं, लाल भोपळ्याला बापलेकांनी उचलून निरोप दिला. इकडे हिरड्या घट्ट होत गेल्या आणि तिकडे गाळा विरळ होत गेला. दोन महिन्यांत हरिचंद्राच्या गालांवर तुकतुकी आली आणि गाळ्यावर उरली नुसती गवार. गिऱ्हाइकं शेजारच्या दौलतरावांकडे वळली. दौलतराव तर दृष्ट काढायला माणूस आणू का, म्हणून विचारून गेले.

बापाचे शब्द खरे झाले म्हणायचे. हरिचंद्र भरदुपारी घरी आला आणि त्याने जाहीर केलं, की उद्यापासून गाळा भरणार आणि घरची भाजी बंद. दात पडले तर पडू देत. मनालीने कोशिंबिरीचं भांडं खाली ठेवलं.

तेव्हा तुळशीबाई उठली. डब्यातली अख्खी सुपारी तिने दाढेखाली धरली आणि कडकन फोडली. त्याच घरात, त्याच सुकटीवर जगलेली बाई, आणि एक दात हलत नाही.

“अवो, लग्नाच्या पहिल्या म्हैन्यापासून मी तुमच्याच गाळ्यावरची भाजी खाते,” ती म्हणाली. “उरलेला माल तुम्ही गाईला घालायला देता ना, तो गाईपर्यंत कधी गेलाच नाय. शेजारच्या विठाच्या चुलीवर शिजतो. दुपारी आम्ही दोघी जेवतो. सासऱ्यांनी शपथ तुम्हाला घातली, मला कुठं? आणि सांगा, बुडाला का धंदा?”

बाप खोटा, असं म्हणायला हरिचंद्राची जीभ उचलेना. मग हळूहळू त्याचा चेहरा उजळला. धंदा इतकी वर्षं चालला, तो बायको खात होती म्हणूनच.

“म्हंजे एवढी वर्षं एकटीच खाऊन धंदा ओढलास,” तो म्हणाला. “आम्हाला सांगायचं तरी. हातभार लावला असता.”

दुसऱ्या दिवशी गाळा काठोकाठ भरला. आता हरिचंद्र गिऱ्हाइकांसमोर कच्चं गाजर कराकरा चावतो आणि घरच्यांना वाटीभर भाजी जास्त वाढायला लावतो, धंद्यासाठी. एकच अडचण झाली आहे. कुणी कोवळी भेंडी निवडून तागडीत टाकली, की तो ती हळूच उचलून मागच्या पिशवीत सरकवतो.

“ती नको साईं, ती घरची,” म्हणतो. “तुम्ही दौलतरावांकडं बघा ना.”