चालत आलेला माणूस

फौजेत माझं पहिलं पोस्टिंग एका फील्ड अँब्युलन्समध्ये झालं. नाव ऐकून नागरिकांना वाटतं, ही एखादी गाडी असेल. ती गाडी नसते, अख्खं युनिट असतं. डॉक्टर, नर्सिंग असिस्टंट, ड्रायव्हर, लंगर म्हणजे भटारखाना, तंबू आणि स्ट्रेचर. मी नर्सिंग असिस्टंट होतो. हुद्दा नायक. एकाहत्तरच्या लढाईत पूर्व आघाडीवर होतो.

आघाडीवर जाण्याआधी आमच्या मेजर साहेबांनी आम्हाला तंबूबाहेर रांगेत फॉलइन केलं आणि तीनच वाक्यं सांगितली. "जो गप्प पडलाय त्याच्याकडे आधी जा. जो ओरडतोय त्याच्याकडे नंतर. जो स्वतःच्या पायांनी चालत आला, तो सगळ्यात शेवटी." या चालत आलेल्यांना आम्ही प्रायॉरिटी थ्री म्हणायचो. पी-थ्री. त्यांना झाडाखाली बसवायचं, पाणी द्यायचं आणि थांबायला सांगायचं. या नियमाने कितीतरी जवान वाचले. मी स्वतः पाहिले आहेत. नियम बरोबर होता, हे आधीच लिहून ठेवतो.

पंधरा वर्षांची नोकरी संपवून मी गावी साताऱ्याला न जाता बोईसरला आलो. माझे मेहुणे तारापूरच्या वीजकेंद्रात होते. त्यांच्याकडून कळलं की औद्योगिक वसाहतीतल्या काही कारखान्यांनी मिळून एक रुग्णवाहिका ठेवली आहे आणि तिच्यावर औषधोपचार जाणणारा माजी सैनिक हवा आहे. पाम गावाच्या रस्त्याला पत्र्याच्या दोन खोल्या, एक मेटॅडोर, दोन स्ट्रेचर, ऑक्सिजनचा एक सिलिंडर आणि औषधाची एक पेटी. एवढ्यावर सगळी वसाहत सांभाळायची. माणसं दोन. मी आणि ड्रायव्हर काशिनाथ तामोरे.

काशिनाथ नवापूरचा. घरचा धंदा मासेमारीचा, पण याला समुद्र लागायचा म्हणून तो गाडीवर आला. आधी मासळीचा टेम्पो चालवायचा. वयाने माझ्याएवढाच. पहिल्या दिवशी मी त्याला सांगितलं, गाडी कायम रस्त्याकडे तोंड करून उभी राहील, टाकी भरलेली असेल आणि ड्रायव्हर हाकेच्या अंतरावर असेल.

तो म्हणाला, "सुभेदार, ही गाडी हाय का तोफ?"

"मी सुभेदार नव्हतो. नायक होतो."

"मं काय झाला? आमी बढती दिली."

शेवटपर्यंत मी सुभेदारच राहिलो. नवापुरात त्याच्या घरीही मला याच नावाने ओळखायचे.

फौजेतली आणखी एक शिस्त मी तिथे लावली. तिकडे गाडी ज्याच्या चार्जवर असते, त्याच्याशिवाय तिला कोणी हात लावत नाही. तिची जबाबदारीही त्याची आणि इज्जतही त्याची. मी काशिनाथची सही घेतली आणि गाडी त्याच्या चार्जवर दिली. त्याला ते फार आवडलं. त्या दिवसापासून किल्ली त्याच्या शर्टाच्या खिशात. माझ्या हातातसुद्धा त्याने ती कधी दिली नाही.

आज लोक विचारतात, त्या काळी तुम्हाला अडचण कशाची होती? विचारावं, कशाची नव्हती. फोन सगळ्या कारखान्यांत नव्हते आणि होते ते वेळेला लागत नसत. बऱ्याचदा वर्दी सायकलवरून यायची. महामार्गाकडे जायचं तर रेल्वेचं फाटक. सिलिंडर संपला की भरून यायला दोन दिवस. वायरलेस नाही. गाडी एकदा निघाली की मागे दुसरा अपघात झाला तरी आम्हाला कळायचा मार्ग नाही. आणि गाडी फक्त कारखान्यांसाठी, असा लेखी नियम. तो आम्ही दोघांनी मिळून मोडायचो. दातिवऱ्याला नांगराच्या दोरात हात अडकलेला खलाशी असो की डोंगरातल्या पाड्यावरून झोळीत घालून सडकेपर्यंत आणलेली बाळंतीण असो, काशिनाथ मला विचारायचाच नाही. गाडी सुरू करून मग म्हणायचा, "सुभेदार, चढा. रागवायचा ते वाटेत रागवा."

अशीच एक बाई गाडीतच बाळंत झाली. सलाइनची बाटली अडकवायला हूक तुटलेला होता. काशिनाथ मागच्या दाराबाहेर पाठ करून उभा राहिला, हात तेवढा आत घालून बाटली धरली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. चांगली पंधरा-वीस मिनिटं. मी म्हटलं, "अरे, पाठ केलीयस, मग डोळे कशाला मिटलेस?" तो म्हणाला, "समोर तिचा नवरा उभा हाय. त्याचा तोंड बघवत नाय." बाळ रडलं तेव्हाच त्याने डोळे उघडले. हात इतका आखडला होता की बाटली मला सोडवून घ्यावी लागली.

आता त्या दिवसाबद्दल. हे मी आजवर दोनच माणसांना सांगितलं आहे.

थंडीचे दिवस होते. सकाळी ९.३५ ला एका कारखान्याचा वॉचमन सायकलवर आला. उतरायच्या आधीच ओरडला, "साब, ॲसिड का टंकी फट गया! लाल धुआँ! चार आदमी अंदर है!"

९.४२ ला आम्ही पोचलो. नायट्रिक ॲसिडच्या टाकीतून विटकरी रंगाचा धूर शेडभर पसरला होता. मी सरळ फाटकातून आत घ्यायला सांगितलं. काशिनाथने ऐकलं नाही. काच खाली करून हात बाहेर काढला. "सकाळचा वारा जमिनीवरून हाय. धूर दर्याकडे चालला. आपण पाठीमागून जाव." त्याने गाडी वळसा घालून पूर्वेच्या भिंतीशी लावली. दहा मिनिटांनी मुख्य फाटकावर उभं राहायला जागा नव्हती. हे त्याने केलं नसतं तर आमच्यातला कोणीच उपयोगाचा राहिला नसता.

मास्क एकच होता आणि तो घालून एक कामगार व्हॉल्व्ह बंद करत होता. शेडच्या पायऱ्यांशी दोघं पडलेले दिसत होते. आणखी दोघं त्यांच्या मागे रांगत होते. काशिनाथने पंचा बादलीत बुडवला आणि तोंडाला बांधला.

मी म्हणालो, "थांब."

मी ते एकदाच म्हणालो. तो आत गेला होता. खरं सांगायचं तर कोणीतरी आत जायलाच हवं होतं आणि तो मी नव्हतो, याचं मला त्या क्षणी बरं वाटलं.

तो तीनदा आत गेला. पहिल्यांदा एकाला खांद्यावर घेऊन आला, दुसऱ्यांदा दुसऱ्याला काखेत हात घालून ओढत. तिसऱ्यांदा रांगणाऱ्या दोघांना दोन्ही हातांनी धरून चालवत आणलं. मग भिंतीला टेकून बराच खोकला. डोळे लाल झाले होते. मी विचारलं, "कसा आहेस?"

"ठीक हाय. पावसात कुजलेल्या बोंबलाच्या वासापेक्षा बरा हाय हा."

आजूबाजूचे हसले. मीही हसलो.

मी फौजेत शिकलो तसं पाच जणांना पाहिलं. दोघं बेशुद्ध, ओठ निळे, प्रायॉरिटी वन. दोघांना श्वास लागत होता, प्रायॉरिटी टू. काशिनाथ स्वतःच्या पायांवर उभा होता. पी-थ्री. मला ठरवायला अर्धं मिनिट लागलं. तेव्हा मला माझ्या हुशारीचा अभिमान वाटला होता.

तिथे रामदुलार नावाचा एक ट्रक ड्रायव्हर उभा होता. तो पुढे आला. "भाईसाब, इनको पीछे बिठाओ. बहुत खाँस रहे हैं. गाड़ी मैं ले चलता हूँ."

मी म्हटलं, "नहीं. गाड़ी इसके चार्ज पर है."

काशिनाथ हसला आणि खिशातून किल्ली काढून त्याला दाखवली. मग स्टिअरिंगवर बसला.

दोघं स्ट्रेचरवर, दोघं बाकावर. सिलिंडर एक. मी ऑक्सिजनचा मास्क चौघांना आळीपाळीने लावत होतो. पुढून काशिनाथच्या खोकल्याचा आवाज येत होता. १०.४५ ला पालघरच्या दवाखान्यात पोचलो. स्ट्रेचर उतरवायलाही तोच पुढे होता. डॉक्टरांनी विचारलं, "आत गेलेलं आणखी कोणी?"

मी म्हणालो, "नाही."

तो चालत होता म्हणून मी नाही म्हणालो. चारही कामगार वाचले.

१२.३० ला परत आलो. काशिनाथने विहिरीवरून पाणी ओढून गाडी आतून-बाहेरून धुतली. खोकला थांबला होता. गाडीचं तोंड रस्त्याकडे केलं. मी रिपोर्ट लिहिला. शेवटची ओळ अशी आहे: 'चालक का. तामोरे. पी-थ्री. किरकोळ खोकला.' जेवताना तो म्हणाला, "आज तोंडाला चव नाय," आणि डब्यातली सुरमईची तुकडी माझ्या ताटात टाकली. मी ती खाल्ली. तीन वाजता मी म्हटलं, "घरी जा, आराम कर." मोठेपणा दाखवल्यासारखं वाटलं मला. तो सायकलवर बसून नवापूरला गेला.

५.४० ला मासळीचा एक टेम्पो आमच्या दारात थांबला. मागच्या बाजूला जाळ्यांना टेकून काशिनाथ बसला होता. त्याची बायको हिराबाई त्याला पाठीमागून धरून होती. ओठांवर गुलाबी फेस होता. आडवं झालं की गुदमरत होता.

तो फेस पाहिला आणि मला एक वर्ग आठवला. रासायनिक हल्ल्यावरचं एक लेक्चर. मे महिना, पत्र्याची बराक, निम्मे जण पेंगत होते. तेच मेजर साहेब फळ्यासमोर उभे होते. "इथे माझा नियम उलटा. गॅस घेतलेला माणूस चालत आला तरी त्याला चालता समजू नका. काही तास ठीक दिसेल. मग छातीत पाणी भरेल. त्याला एक पाऊलही चालवू नका. झोपवा." मी हे वहीत लिहून घेतलं होतं. परीक्षेला येईल म्हणून खाली रेघही मारली होती. लढाईत माझ्यासमोर गोळी लागलेले आले, सुरुंगावर पाय पडलेले आले. गॅसचा एकही आला नाही. जे डोळ्यांनी पाहिलं ते लक्षात राहिलं. जे वहीत होतं ते वहीतच राहिलं.

आम्ही त्याला गाडीत घेतलं. सकाळच्या फेरीत सिलिंडर जवळपास रिकामा झाला होता. काशिनाथने खिशात हात घातला, किल्ली काढली आणि माझ्यापुढे धरली.

"घ्या सुभेदार. आज तुमच्या चार्जवर."

मी गाडी चालवली. हिराबाई मागे त्याला बसतं धरून होती. वाटेत त्याचा एकदाच आवाज आला. "तिसरा गिअर अडकते. जरा दाबून टाका." मी दाबून टाकला. गिअर पडला.

पालघरला सकाळचेच डॉक्टर होते. त्यांनी काशिनाथकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ७.१० ला काशिनाथ गेला.

त्याचे दिवस झाल्यावर मी नवापूरला गेलो. दारात हिराबाई वाळवणातले बोंबील उलटत होती. तिने मला पाट दिला. मी पाटावर बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. मेजर साहेबांचा वर्ग, रामदुलार, डॉक्टरांचा प्रश्न, सायकल. काही गाळलं नाही. तिचं काम चालूच होतं.

मग तिने विचारलं, "सुभेदारभाऊ, तुमी त्याला झोप म्हटला असता, तं तो झोपला असता?"

नाही म्हणणं सोपं होतं. तो ऐकणारा नव्हता, असं म्हणालो असतो तर तिलाही बरं वाटलं असतं आणि मलाही.

मी म्हणालो, "हो, वहिनी. कुरकुर केली असती. पण मी ऑर्डर दिली असती, तर झोपला असता."

तिची बोंबलांची एक रांग उलटून संपली. दुसरी सुरू करताना म्हणाली, "मं आता बाकीच्याना झोपवा."

मी डॉक्टरांकडे जाऊन त्यांनाही सगळं सांगितलं. त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ मी त्या गाडीवर होतो. दोन ड्रायव्हर बदलले. दोघांनाही पहिल्या दिवशी गाडी चार्जवर दिली आणि दुसरं वाक्य हे सांगितलं, की गॅसच्या जागी तू आत गेलास तर त्या दिवसापुरता तुझा चार्ज संपला. वसाहतीत माझी थट्टा व्हायची. शिंक आली तरी सुभेदार स्ट्रेचर घेऊन येतो, असं कामगार म्हणायचे. एकदा एका फोरमनला मी दोन हमालांकरवी धरून झोपवलं. तो धूर लागलेल्या दोघांना बाहेर काढून आला होता, चांगला हिंडत-फिरत होता आणि मला आईवरून शिव्या देत होता. शिव्या देतच तो पालघरला गेला. संध्याकाळी त्याच्या तोंडाला फेस आला, तेव्हा त्याला ऑक्सिजन लावलेला होता आणि डॉक्टर उशाशी होते. तो आठ दिवसांनी घरी गेला. नंतर भेटायला आला तेव्हा मी त्याला चहा पाजला आणि काशिनाथचं नाव सांगितलं. तेवढं त्याला माहीत असायला हवं होतं.

रिपोर्टमधली ती ओळ मी खोडली नाही. पी-थ्री, किरकोळ खोकला. ती माझ्या हातची आहे.

फौजेत रोलकॉलला नाव घेतलं की जवान ओ देतो. आमच्या पत्र्याच्या खोलीत रोलकॉल नव्हता. पण धुरातून कोणी हसत, चालत बाहेर यायचा, स्ट्रेचर पाहून मागे सरायचा आणि म्हणायचा, "अहो, मला काय झालंय? मी ठीक आहे." मला ते 'ठीक हाय' असंच ऐकू यायचं.

मी म्हणायचो, "माहीत आहे. झोप."