एकाच हस्ताक्षरातली एकतीस पत्रं

परवा फोनवर धाकटीने सांगितलं की तुमच्या राज्यात गव्हर्नरपदाची निवडणूक आहे आणि एक उमेदवार तुमच्या शाळेच्या हॉलमध्ये बोलून गेला. कष्टकरी कुटुंबांना घराजवळ नोकऱ्या मिळवून देईन, असं तो म्हणाला. "इज ही टेलिंग द ट्रुथ, नानी?" असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, लिहून कळवते. असल्या गोष्टी मला फोनवर नीट सांगता येत नाहीत, शिवाय तुमचं मराठी वाचन सुटू नये हाही माझा हेतू आहे. थोरल्याने वाचून दाखवावं, धाकटीने ऐकावं.

आपल्याकडे राज्यपाल निवडून येत नाहीत, त्यांची नेमणूक होते. मी जवळून पाहिलेला उमेदवार आमदारकीचा होता. तो माझ्या घरी जेवला, आणि तेही दुबईत, जिथे त्याला मत देऊ शकेल असं कुणीच राहत नव्हतं.

ती साठच्या दशकातली मधली वर्षं. दुबईला तेव्हा मोठं बंदर नव्हतं. मोठ्या बोटी बाहेर समुद्रात नांगर टाकून उभ्या राहायच्या आणि माल बार्जमधून खाडीत यायचा. तुमचे आजोबा दुबईतल्या देरा भागात एका माल उतरवणाऱ्या कंपनीत कारकून होते. खाडीपासून पाच मिनिटांवर आमच्या दोन खोल्या होत्या. बार्जवर काम करणारे बरेचसे लोक आपल्याच, रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावांतले. कुणाची बायको माझ्या माहेरच्या नात्यातली, कुणी आजोबांच्या चुलत घरातला. सगळे मला भाबी म्हणायचे.

मी मिशनच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकलेली. मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिहू शकणारी आमच्या वस्तीतली मी एकटीच बाई होते. त्यामुळे दर शुक्रवारी सकाळी, जुम्म्याच्या नमाजाआधी, लोक माझ्याकडे पत्रं लिहून घ्यायला येत. कुठली जमीन कुणाला खंडाने द्यायची, कुणाच्या लग्नाला किती दिवस आधी जायचं, आजारी म्हशीचं काय करायचं, हे सगळं त्या पत्रांतून ठरायचं. मतदानाचंही तसंच. आमच्या गावांत पुरुष उरले होते ते म्हातारे, मास्तर आणि दुकानदार. मतदार म्हणजे बायका, आणि कुठल्या चिन्हावर शिक्का मारायचा हे नवरा दुबईहून कळवायचा. त्याप्रमाणे शिक्का पडायचाच, अशी निदान नवऱ्यांची समजूत होती.

हे एका वकिलाने बरोबर हेरलं. ते अपक्ष उभे होते आणि त्यांचं चिन्ह शिडी होतं. गावोगाव उंबरठे झिजवण्याऐवजी ते बोटीने आठवडाभराचा प्रवास करून दुबईला आले. आपल्या भागातले शिकलेले गृहस्थ म्हणून आजोबांनी त्यांना शुक्रवारी जेवायला बोलावलं आणि बार्जवरच्या दहा-बारा जणांनाही सांगितलं. मी सुरमईचं सालन, तांदळाच्या रोट्या आणि सांदणं केली.

त्या दहा-बारांत एक तांडेल होता. बार्जवरच्या टोळीच्या म्होरक्याला आम्ही तांडेल म्हणायचो. हा माणूस नऊ वर्षांपूर्वी लाँचमधून येऊन खोर फक्कानच्या किनाऱ्यावर उतरला होता आणि डोंगर ओलांडून चालत आला होता. कागदपत्रं मागाहून झाली. त्याच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती; त्यांतली पहिली दोन तो मुंबईच्या गोदीत होता. त्यांतले नवरा-बायकोने एकत्र काढलेले महिने मी एकदा त्याच्याच सांगण्यावरून मोजले होते, ते चौदा भरले. त्या महिनाअखेरीला त्याचा कंपनीशी असलेला करार संपत होता. पुढे दोन वर्षांसाठी सही करायची, किंवा कंपनीने दिलेल्या तिकिटावर घरी जायचं. काय करावं हे त्याचं ठरत नव्हतं. गावात जाऊन काम काय करणार, हा प्रश्न होता.

दस्तरखानावर बसल्या बसल्या वकीलसाहेब बोलायला लागले.

"बर्फ नाही म्हणून तुम्ही निम्मी मासळी सुकवता. बरोबर? मी काय म्हणतो, बर्फाचा कारखाना. मासळी डब्यात भरायचा कारखाना. जाळी विणायचा कारखाना. घरटी एक नोकरी."

"तीन कारखाने म्हणजे साहेब, गावात माणसं कमी पडतील," एकजण म्हणाला.

"म्हणून तर तुम्हाला न्यायला आलोय."

"मग बोट जरा मोठी आणायची होती."

सगळे हसले. वकीलसाहेबही हसले. तांडेल हसला नाही. त्याने विचारलं, "मंजूर झालंय का, साहेब? का होणार आहे?"

वकीलसाहेबांनी चामडी बॅगेतून एक कागद काढला. टाइप केलेलं इंग्रजी, वर सरकारी मोहोर. "मुंबईहून आलंय," ते म्हणाले. कागद हातोहात फिरला. जो तो मोहोर पाहून पुढे द्यायचा. मी गरम रोट्या घेऊन आत आले तेव्हा तो तांडेलाच्या हातात होता. त्याने तो माझ्यापुढे धरला. "भाबी, तुम्ही वाचा."

मी वाचला. तीनच ओळी होत्या. आपलं पत्र मिळालं, मजकुराची नोंद घेतली आहे, खाली सही. कारखान्याचा उल्लेखही नव्हता.

"वहिनी शिकलेल्या आहेत, त्यांना लगेच कळलं," वकीलसाहेब म्हणाले. ते माझ्याकडे पाहत होते आणि त्यांच्या ताटात मी नुकतंच दुसऱ्यांदा वाढलं होतं.

मी म्हणाले, "सरकारचंच पत्र आहे." मग रोट्या खाली ठेवल्या आणि आत गेले.

जे बोलले ते खोटं नव्हतं. त्या वेळी मला तेवढं पुरेसं वाटलं.

बातमी पसरली आणि जेवायला नसलेलेही आले; पुढचे तीन दिवस मी पत्रं लिहीत होते. वकीलसाहेब मंगळवारच्या बोटीने परत जाणार होते आणि सगळी पत्रं स्वतःबरोबर नेऊन आपल्या माणसांकरवी घरोघर पोचवणार होते. मला कामात पद्धत लागते. कारखान्याचा आणि शिडीचा मजकूर मी एकदाच नीट जुळवला, सहा ओळींचा, आणि प्रत्येक पत्रात तोच उतरवला. शेवटी ज्याने त्याने आपलं काही सांगितलं तर ते घालायचं. अशी एकतीस पत्रं झाली. तांडेलाने शेवटी एवढंच घालायला सांगितलं, "करार संपला की येतोय."

त्यानंतरच्या शुक्रवारी तो सगळ्यांच्या आधी आला. दाढी केलेली, सदरा धुतलेला. आजोबा खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होते.

"भाबी, आज घरचं पत्र नको. फोरमनला द्यायची चिठ्ठी लिहा, इंग्रजीत. करार पुढे चालवायचा नाही, तिकीट द्या म्हणून."

मी पेनाचं टोपण काढलं आणि परत बसवलं.

"त्या कागदात कारखान्याचं काही नव्हतं," मी म्हणाले.

"सरकारचं पत्र आहे, असं म्हणालात तुम्ही."

"सरकारचंच होतं. वकिलांचं पत्र मिळालं, एवढंच त्यात लिहिलं होतं. मंजुरी वगैरे काही नाही."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"पाहुणे होते. आपल्या घरी जेवायला बसलेले."

"मीपण जेवायलाच बसलो होतो, भाबी."

आजोबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "सही करून टाक अजून दोन वर्षांची," ते म्हणाले. "नोकरी हातात आहे. गावात काय ठेवलंय?"

"खलास, करतो सही," तांडेल म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "दुसरं पत्र लिहा. येत नाही म्हणावं. कारखान्याचं खरं नाही म्हणावं."

"आणि शिडीचं काय लिहू?"

"ते तिचं ती बघेल."

ते पत्र मी हवाई टपालाने पाठवलं. त्याने शनिवारी करारावर अंगठा उठवला. बाकीच्या तीस जणांनाही मी येतील तसं सांगितलं. त्यांच्यापैकी कुणाला फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. "आम्हाला माहीत होतं, भाबी, निवडणुकीत असंच बोलतात," असंच बहुतेक जण म्हणाले. एकजण तर म्हणाला, "जेवण मात्र चांगलं झालं त्या दिवशी." ज्याचा करार त्याच महिन्यात संपत होता, त्या एकट्यानेच ते मनावर घेतलं होतं.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. तांडेलाची बायको तिसरीपर्यंत शिकलेली होती आणि स्वतःच लिहायची, मोठ्या मोठ्या अक्षरांत. तांडेल समोर बसला आणि मी वाचलं. ते मला अजून जवळजवळ शब्दशः आठवतं.

"दोन्ही पत्रं बुधवारी मिळाली. एक वकिलाच्या माणसाने आणलं, एक पोस्टमनने. एकात तुम्ही येताय, एकात येत नाही. दोन्ही भाबींच्या अक्षरात आहेत. शेजारणीला आलेल्या पत्रात कारखान्याचा मजकूर अगदी हाच आहे, आणि पलीकडच्या तिघींच्या पत्रांतही. आम्ही एकत्र बसून वाचली. तेव्हा भाबींचं म्हणणं मला समजलं. आता तुमचं स्वतःचं काय म्हणणं आहे ते कळवावं. बाकी सर्व ठीक."

"परत वाचा," तो म्हणाला.

मी परत वाचलं. मग कोरा कागद घेतला, तारीख घातली आणि म्हटलं, "सांगा."

"याचं उत्तर लिहायचं नाही," तो म्हणाला आणि चपला घालून गेला.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आल्यावर आजोबांनी सांगितलं की तांडेल फोरमनला भेटला आणि काम सोडून घरी जातो म्हणाला. नवीन कराराला महिनाही झाला नव्हता. फोरमनने समजावलं, ओरडला, मग म्हणाला, आता कंपनी तिकीट देणार नाही आणि तू परत आलास तर ही जागाही मिळणार नाही. तांडेल म्हणाला, बरं. नऊ दिवसांनी बोट होती. डेकवरचं तिकीट त्याने स्वतः काढलं.

जायच्या आधी तो निरोप घ्यायला आला. मी विचारलं, "कामाचं काय करणार?"

"कुणाच्या तरी होडीवर जाईन. हात आहेत."

"घरी काही पाठवायचं होतं. पेंड खजूर बांधून ठेवलाय."

"खजूर द्या," तो म्हणाला. "पत्र नको, भाबी. पत्र बिलकुल देऊ नका." एवढं बोलून तो पहिल्यांदा हसला.

तो गेल्यावर मी आजोबांना म्हणाले, "तो चिठ्ठी लिहून घ्यायला आला तेव्हा मी गप्प राहिले असते तर तो कंपनीच्या तिकिटावर गेला असता."

"आणि गावात कारखाना शोधत फिरला असता," ते म्हणाले. त्यांनी ते माझं समाधान व्हावं म्हणून म्हटलं होतं. माझं पूर्ण समाधान झालं नाही. जेवताना एक वाक्य अधिक बोलले असते, तर त्याला कंपनीचं तिकीटही मिळालं असतं आणि खरं काय तेही कळलं असतं.

वकीलसाहेब निवडणुकीत पडले. आमच्या गावांतून त्यांना फार थोडी मतं मिळाली, असं कळलं. बार्जवरचे लोक एकमेकांना विचारत होते, तुझीने ऐकलं नाही की माझीने? बायकांना मात्र कुणीच विचारलं नाही.

दोन वर्षांनी आम्ही रजेवर गेलो तेव्हा मी तांडेलाच्या घरी गेले. तो समुद्रावर होता. घराची कौलं निम्मीच झाली होती, बाकी निम्म्यावर माडाची झापं होती. त्याच्या बायकोने चहा केला. ती माझ्याहून लहान, पण बोलायला अजिबात बिचकत नव्हती.

"मोजल्या होत्या मी," ती म्हणाली. "सहा ओळी कारखान्याच्या. आणि हे येणार ते अर्ध्या ओळीत, तेही सगळ्यात शेवटी."

"त्यांनी तेवढंच सांगितलं होतं गं."

"मग तुम्ही विचारायचं होतं ना. ते काय आपणहून बोलणार आहेत?" मग तिने कौलांकडे हात केला. "हे एव्हाना पुरं झालं असतं, ते तिकडे राहिले असते तर. गावातले सगळे सांगतात मला."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी त्यांना म्हणते, पावसात तुमच्या घरी येते बसायला."

चारच्या सुमाराला आजोबा मला न्यायला आले आणि पाठोपाठ तांडेलही आला. अंगाने वाळला होता, काळा पडला होता. टोपलीत बांगडे होते, फार नव्हते. आजोबांना बघून त्याला आनंद झाला. दोघे पडवीत बसले आणि बार्जवरच्या एकेका माणसाची चौकशी झाली.

"फोरमन तोच आहे का अजून?" त्याने विचारलं.

"तोच आहे."

"माझं नाव काढतो?"

"काढतो. चांगला तांडेल मिळत नाही म्हणतो. जागा देईलसुद्धा, तू आलास तर. मी बोलतो त्याच्याशी."

तांडेलाने टोपली बायकोकडे सरकवली. ती चार चांगले बांगडे बाजूला काढून आमच्यासाठी पानात बांधायला लागली. तिचं लक्ष बांगड्यांकडे होतं, पण हात थांबले होते.

"त्याला सलाम सांगा," तांडेल म्हणाला. "आणि सांगा, इथेच कामावर आहे."