नऊ अंडी आणि तीन शिट्ट्या

खरं तर हे मी कुणाला सांगणार नव्हते. पण दामूदादांचं अख्ख्या पावणे गावात सांगून झालंय, मग तुम्ही माझ्या तोंडून ऐकलेलं बरं. निदान मीठमसाला तरी माझा असेल.

आम्ही तिघं कोंबडीवाले. मी नंदा, खांदेश्वरला तळमजल्याचं घर, मागे वीतभर परस, त्यात सात कोंबड्या आणि एक कोंबडा. प्रतीक्षा खारघरची, कंपनीचं काम घरून करते आणि रो-हाऊसच्या गच्चीवर चार कोंबड्या आणि एक कोंबडा पाळते. आणि पावण्याचे दामूदादा, आमच्यातले खरे जाणकार. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, चहा प्यायचा आणि कोंबड्यांचं सुखदुःख बोलायचं. माणसांचं उरलं तर शेवटी.

त्या रविवारी माझ्या घरची पाळी होती. प्रतीक्षा सांगत होती की तिचा कोंबडा मीटिंगमध्ये आरवला आणि साहेबांनी विचारलं, बाळ रडतंय का? ही हो म्हणाली. आता ऑफिसातले लोक बाळाचा फोटो मागतायत. आम्ही हसून बेजार झालो. दामूदादांचं मात्र लक्ष नव्हतं. त्यांच्या मांडीवर कोंडा भरलेला डबा होता आणि कोंड्यात नऊ अंडी.

त्यांची तांबडी कोंबडी गेली होती. मुंगसाने नेली, आणि ही तिची शेवटची अंडी. तुम्ही म्हणाल, एक कोंबडी गेली तर एवढं काय? तर ऐका. दामूदादांच्या वडलांची भातशेती होती, तेव्हापासून ही जात त्यांच्या घरात. आता शेताच्या जागी कारखाने आहेत आणि दादा त्यातल्याच एका कंपनीची बस चालवतात.

"शेती गेली, मिठागर गेला. बापाच्या हातचा एवढाच रायला हाय, ताय," ते म्हणाले आणि डबा माझ्या हातात दिला.

तांबडीची एक लेक उरणला त्यांच्या बहिणीकडे होती म्हणे, पण बहीणभावात चार वर्षं अबोला. बहिणीकडे मागायला जाण्यापेक्षा दादांनी मुंगसाची माफी मागितली असती. त्यांच्याकडे खुडुक, म्हणजे अंडी उबवायला बसेल अशी, कोंबडी नव्हती. माझी ठकी मात्र तीन दिवसांपासून खुडुक होऊन रिकाम्या टोपलीत बसली होती, जवळ गेलं तरी चोच मारत होती. म्हणजे आता सगळी मदार ठकीवर. आणि माझ्यावर.

दादा म्हणाले, कोळशाने खुणा करून ठेव. मी म्हटलं, दादा, मी अंडी चेहऱ्यावरून ओळखते.

हे वाक्य लक्षात ठेवा. आमच्या घरात कुणीही विसरलेलं नाही.

आता स्वयंपाकघरात या. अंडा-मसाल्यासाठी मी माझ्या नवऱ्याला, मोहनला, घरची नऊ अंडी उकडायला सांगितली होती. माणशी दोन आणि एक मोहनला जास्त, कारण तो उकडणार. त्याने उकडली, गार पाण्यात घातली, फडक्याने कोरडी पुसली आणि टोपलीत रचून ठेवली. ओली वस्तू ओट्यावर ठेवायची नाही, हे वळण त्याला मीच लावलंय. वीस वर्षं लागली. मी काय केलं, दादांची अंडी कोंड्यातून काढली, पुसली आणि शेजारच्या टोपलीत ठेवली. दोन टोपल्या सारख्या, अंडी सारखीच तांबूस. आणि मी अंडी चेहऱ्यावरून ओळखणारी.

कोंबडी बसवायची तर दिवेलागणीला, दिवा न लावता, म्हणजे ती बुजत नाही. मी अंधारातच एक टोपली उचलली आणि परसात गेले. ठकीखाली एकेक अंडं सरकवताना हाताला कोमट लागत होतं. मला भरून आलं. म्हटलं, बघा, जिवंत बीज कसं असतं! टोपलीत रिवाजाप्रमाणे लोखंडाचा खिळा ठेवला, नमस्कार केला आणि आत आले.

आत येऊन दुसऱ्या टोपलीतलं अंडं सोलायला घेतलं, तर बलक थेट माझ्या साडीवर.

मोहनला हाक मारली. तो म्हणाला, अगं तीन शिट्ट्या झाल्या. मी म्हटलं, शेजारच्या कुकरच्या ऐकल्या असशील. तो म्हणाला, मी स्वतः मोजल्या. मी म्हटलं, गॅस तरी पेटवला होतास का? पाहुण्यांसमोर बिचाऱ्याने ताटं मांडायला घेतली. शेवटी मी कांदा चिरला आणि सगळ्याची भुर्जी केली.

भुर्जी काय झाली होती, सांगू! बलक केशरासारखा. दामूदादांनी तीनदा घेतली.

"ताय, चव हाय. आमचे तांबडीचे अंड्यावानी," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे ओले झाले.

मी त्यांना सांगितलं की मी माझ्या कोंबड्यांना कोथिंबिरीच्या काड्या घालते, त्याने चव येते. प्रतीक्षाने ते लिहून घेतलं.

मग सुरू झाले एकवीस दिवस. सातव्या दिवशी मी मोबाईलच्या उजेडावर अंडं धरून पाहिलं. आत सगळं गच्च काळं. आमच्या तिघांच्या ग्रुपवर टाकलं, पिल्लू भरलंय! प्रतीक्षाने हळूच विचारलं की आत लाल शिरा दिसायला हव्यात ना, तिने व्हिडिओत पाहिलंय. मी तिला कळवलं, व्हिडिओतल्या कोंबड्या परदेशी, गावरान पिल्लाला असं अंगप्रदर्शन आवडत नाही.

पंधराव्या दिवसापासून वास सुटला. मोहन म्हणाला, काहीतरी सडलंय. मी त्याला सांगितलं की खुडुक कोंबडी दिवसातून एकदाच उठते आणि तिच्या विष्ठेला वास येतोच. हे खरंही आहे, म्हणून तर माणूस फसतो. शेजारच्या काकूंनाही मी हेच अर्धा तास समजावलं. काकूंनी शेवटी खिडकी लावून घेतली.

बाविसाव्या दिवशी सकाळी दामूदादा पिल्लांसाठी पिशवीभर कण्या घेऊन आले. प्रतीक्षा काम सोडून आली. पिल्लांचा आवाज नाही की अंड्याला चीर नाही. दादांनी घमेल्यात कोमट पाणी मागितलं. आत जीव असेल तर अंडं पाण्यात आपोआप हलतं. नऊच्या नऊ तरंगली, आणि एकही हललं नाही.

दादांनी एक अंडं कानाला लावलं. मग भिंतीच्या कडेवर टिचवलं आणि सोलायला लागले. सोलायला! टरफल निघत गेलं, आणि त्या वासात त्यांच्या तळहातावर एक करडं, गुळगुळीत, अख्खं अंडं उभं राहिलं.



"ताय," दादा सावकाश म्हणाले, "यो अंडा उकडलेला हाय."

मागून मोहनचा आवाज आला, "म्हणजे तीन शिट्ट्या झाल्या होत्या."

पुढचा हिशेब दादांच्या चेहऱ्यावर दिसत होता. ही उकडलेली, तर कच्ची कुठे गेली? त्यांनी पोटावरून हात फिरवला. बापाच्या हातचं उरलेलं तेवढं एक, आणि ते त्यांनी तीनदा मागून खाल्लं होतं. कण्यांची पिशवी तिथेच ठेवून निघून गेले. शिव्या दिल्या असत्या तर मी रात्री जेवले तरी असते.

ठकी मात्र रिकाम्या टोपलीवर तशीच बसून होती. तिच्याकडे बघून मी ठरवलं. दुसऱ्याच दिवशी मोहनला घेऊन उरण गाठलं आणि दादांच्या बहिणीला सगळं सांगितलं, अगदी गावरान पिल्लाच्या लाजेसकट. ती माउली एवढी हसली की तिला उंबऱ्यावर बसावं लागलं. पदराने डोळे पुसत म्हणाली, अंडी देते, पण भावाला स्वतः न्यायला पाठव. मी दादांना फोन केला. ते म्हणाले, जातो.

गेले. जेवून आले. येताना अकरा अंडी घेऊन थेट माझ्या दारात. चार वर्षांचा अबोला कशाने सुटला म्हणाल, तर माझ्या गाढवपणाने.

डबा उघडला तर प्रत्येक अंड्यावर कोळशाने मोठ्या अक्षरात लिहिलेलं: कच्चा.

"मी नाय लिवला," दादा म्हणाले. "बयनीनं लिवलाय."

ठकीखाली अंडी ठेवायचं काम मोहनला मिळालं. तो एकेक अंडं मोठ्याने वाचून आत सरकवत होता. मला फक्त चहाचं पाणी ठेवायला सांगितलं होतं, आणि ते उकळलंय की नाही, हेही प्रतीक्षा दोनदा येऊन बघून गेली.