हुस्नाबाईंची चाळणी

उचगावच्या आमच्या प्रयोगशाळेत खाणींचे दगड दळून बघतात. लोखंडी गोळ्यांच्या छोट्या मिलमध्ये दगड फिरवायचा, चाळायचा, वजन घ्यायचं. दगड किती कठीण ते कळलं, की कारखान्यात केवढी मिल बांधायची ते ठरतं. आकडा चुकला तर कारखाना बसलाच.

म्हणून आमच्या प्रमुख हुस्ना शिकलगार यांचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नाही. पोत्यांना सील त्याच लावणार. चाळणी रोज ताठ ब्रशनं त्याच घासणार. दुसऱ्या कुणी तिला हात लावला तर अंगावर येणार.

गेल्या महिन्यात एका खाणीचा दगड भलताच मऊ निघाला. त्याच डोंगराचा मागच्या वर्षीचा दगड चांगला कठीण होता.

"भैरवी, नमुना बदललाय कुणीतरी," बाई मला म्हणाल्या. "दगड मऊ दाखवून लहान मिल खपवायची असंल कुणाला."

पोती उतरवून घेणारे एकटे लालासाब. वीस वर्षं इथंच राबलेले. बाईंनी त्यांची पिशवी उलटी केली, जेवणाचा डबाही उघडून बघितला. मला शरम वाटली.

"चाचा, उद्यापासनं येऊ नका."

"मी काय केलंय, ते तरी सांगा की, मॅडम."

बाईंनी दाराकडं बोट केलं.

त्याच दगडाचं एक राखीव पोतं बाईंनी खाणीवर स्वतः भरून आणलं होतं, त्यांच्याच कपाटात कुलपात होतं. ते दळलं. दगड तेवढाच मऊ! आता मिल फिरवणारी मीच तेवढी उरले; बाई माझ्याकडे रोखून बघायला लागल्या, तसं माझं डोकं फिरलं. मी सरळ चाळणी उचलली आणि खिडकीशी धरली. काठाला तांदळाएवढी फट. न दळलेली जाड कच तिथून खाली पडायची आणि आम्ही ती दळलेली म्हणून मोजायचो. घासून घासून बाईंनीच जाळी विरवली होती.

नव्या चाळणीवर दगड मागच्या वर्षीइतकाच कठीण निघाला. बाई त्याच संध्याकाळी कळंब्याला लालासाबांच्या घरी गेल्या, हात जोडून आल्या.

दुसऱ्या दिवशी लालासाब आले, पण दारातच थांबले. डब्याचं झाकण काढून त्यांनी तो बाईंपुढं धरला.

"चाचा, नको हो."

"बघून घ्या की, मॅडम. मग येतो आत."

ते रोज तसंच करतात. आणि बाईंना रोज बघावं लागतं.